यार्डातली यादी कोणी दुरुस्त करायची?

प्रश्न : मी अमेरिकेत, इलिनॉयमधल्या एका मालवाहू रेल्वे कंपनीत अकरा वर्षं यार्ड क्लार्क आहे. कुठल्या रुळावर कुठले डबे कुठल्या क्रमाने उभे आहेत याची यादी संगणकात भरणं आणि चुकली तर दुरुस्त करणं, हे आमचं काम. आता कंडक्टर (मालगाडीवरचे कर्मचारी, डबे लावणारे) स्वतःच टॅबलेटवर नोंद करतात आणि रात्री यार्डमास्टर, म्हणजे यार्डावर देखरेख करणारा, कॅमेऱ्यात बघून यादी सुधारतो. १४ मार्चला रात्रपाळीची आमची जागा रद्द झाली. माझी पाळी दुपारची, म्हणून मी वाचले. रात्रीची मैत्रीण घरी बसली. युनियनचे लोकल चेअरमन म्हणतात, ‘यार्डमास्टरांची युनियन आडवी येईल.’ लेबर बोर्डाकडे (कामगारांचे तंटे बघणारी सरकारी संस्था) जाऊ की कोर्टात? भुसावळहून सासरे (तेही रेल्वेत क्लार्क होते) म्हणतात, सरळ कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात) केस टाक.

उत्तर : ताई, सासऱ्यांचा सल्ला त्यांच्या नोकरीपुरता अगदी बरोबर आहे. कॅट भारत सरकारच्या नोकरांचं. तुमच्या इथे रेल्वे खासगी, आणि तिला १९२६चा रेल्वे लेबर ॲक्ट लागू. लेबर बोर्डाचंही तेच. इतर उद्योगांत दोन युनियन एकाच कामावर हक्क सांगू लागल्या की ते बोर्ड निवाडा करतं, पण रेल्वे आणि विमान कंपन्या त्याच्या कक्षेबाहेर आहेत. कोर्टात थेट गेलात तर दारातूनच परत पाठवतील, कारण चालू कराराचा अर्थ काय, हा वाद कायद्याने ‘मायनर डिस्प्यूट’ ठरतो. नावावर जाऊ नका. माणूस घरी बसला तरी तो मायनरच. असे वाद आधी कंपनीतल्या पायऱ्या चढतात आणि मग नॅशनल रेलरोड ॲडजस्टमेंट बोर्डाकडे जातात. १९३४च्या दुरुस्तीने हे बोर्ड आलं. क्लार्कांचं प्रकरण त्याच्या तिसऱ्या विभागाकडे.

आता मुद्द्याचं. तुमचा करार काढा आणि पहिलंच कलम वाचा, स्कोप रूल, म्हणजे करार कुठल्या पदांना आणि कामांना लागू हे सांगणारं. त्यात नुसती पदांची नावं असतील, तर हे काम पूर्वापार फक्त क्लार्कच करत आलेत, आणि तेही साऱ्या रेल्वेवर, असं सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येईल. ते जड जातं. कुठल्या तरी आडगावच्या यार्डात एखादा कंडक्टर वीस वर्षं यादी भरत आलेला निघतोच. पण कलमात ‘पदं आणि काम’ असे शब्द असतील आणि दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय काम काढून घेता येणार नाही असं लिहिलं असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम. मला पाठवलेल्या फोटोत हे पान नाही. ते आधी पाठवा.

दुसरं, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. कंडक्टर डबे लावतो आणि लावलेले डबे टॅबलेटवर टिपतो. पूर्वी तो कागद आणून द्यायचा आणि तुम्ही तो टाइप करायचात. मधली पायरी यंत्राने पुसली. काम दुसऱ्याकडे गेलं नाही, ते उरलंच नाही, असं कंपनी म्हणेल आणि ॲडजस्टमेंट बोर्डाचा पंच बहुधा ते मान्य करेल. माझं मत स्पष्ट सांगतो : या मुद्द्यावर दम खर्च करू नका. यार्डमास्टरचं मात्र वेगळं. रात्री दोन वाजता सातव्या रुळावरचे बेचाळीस डबे कॅमेऱ्यात बघून यादीशी ताडायचे, उलटेपालटे झालेले दोन नंबर सरळ करायचे, हे काम जसंच्या तसं शिल्लक आहे. फक्त खुर्ची बदलली. क्लेम, म्हणजे लेखी दावा, यावर करा. ‘त्याच्या मूळ कामाला लागून येणारं किरकोळ काम, पाच मिनिटांचं’ असा कंपनीचा बचाव असेल, म्हणून पाच मिनिटं होती की पन्नास, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

दुसऱ्या युनियनची भीती मला समजते, पण ती क्लेम न करण्याचं कारण होऊ शकत नाही. १९६६ साली युनियन पॅसिफिकच्या प्रकरणात नेमका हाच पेच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे आला होता. तारायंत्रवाले आणि क्लार्क मिळून जे करत होते ते आयबीएमचं यंत्र करू लागलं, कंपनीने ते यंत्र क्लार्कांकडे दिलं आणि तारायंत्रवाल्यांनी क्लेम केला. क्लार्कांची युनियन सुनावणीला आलीच नाही आणि ॲडजस्टमेंट बोर्डाने एकाच बाजूचा करार बघून निकाल दिला. कोर्ट म्हणालं, असं चालणार नाही. दोन्ही करार, रूढी आणि वहिवाट समोर ठेवून सगळा वाद एकदाच मिटवा. म्हणजे यार्डमास्टरांच्या युनियनला नोटीस जाणारच. ती आली नाही तरी बोर्ड निकाल देऊ शकतं. (त्या दोन्ही युनियन पुढे तीन वर्षांत एकत्र झाल्या, ही गंमत वेगळी.)

आता घड्याळ. तुमच्या क्राफ्टच्या (म्हणजे क्लार्कवर्गाच्या) करारांत १९५४च्या राष्ट्रीय करारातली मुदत सहसा उतरलेली असते : घटनेपासून ६० दिवसांत लेखी क्लेम. १४ मार्चपासून मोजलं तर १३ मे. ई-मेलने हे मी आधीच कळवलं आहे. यार्डमास्टरने केलेली प्रत्येक दुरुस्ती वेगळी घटना म्हणून मांडता येते, पण जागा रद्द होणं एकदाच घडतं. ती मुदत हुकली की हुकली. कंपनीनेही ६० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर त्याच कलमाखाली क्लेम जसाच्या तसा मंजूर धरतात. तेव्हा पोच घ्यायला विसरू नका.

आणि क्लेम कुणाच्या नावाने? तुमच्या नव्हे, असं मला वाटतं. त्या रात्री बोलावता आली असती ती ज्येष्ठ क्लार्क म्हणजे घरी बसलेली मैत्रीण, तिच्याशी बोला. जिंकलात तर कॉलचे पैसे (कामावर बोलावल्याबद्दलचा ठरलेला किमान मोबदला) मिळतील, क्वचित पूर्ण पाळीचे. रद्द झालेली जागा परत मिळेलच असं मी म्हणणार नाही.

जे कागद कंपनीच्या पायऱ्यांवर दाखल झाले नाहीत ते बोर्ड बघत नाही, साक्षीदार उभे करायची सोय तिथे सहसा नसते. म्हणून आजपासून वही घाला : तारीख, वेळ, रूळ, किती डबे, कोणी सुधारले. दुरुस्ती करणाऱ्याचा आयडी स्क्रीनवर दिसतो असं तुम्ही लिहिलंय. तो बघून टिपून ठेवा, पण कंपनीच्या स्क्रीनचे फोटो मोबाइलवर काढू नका, उलट तुमच्यावरच चौकशी लागेल. छापील प्रती लोकल चेअरमनना रीतसर मागायला सांगा. आणि यार्डमास्टरशी वाकडेपणा नको. त्याला हे काम वरून सांगितलं गेलंय. कोणी सांगितलं आणि कधी, एवढं त्याला सहज विचारा. तो सांगेल ते नाव त्याच दिवशी वहीत उतरवा.