'डॅम्पिंग फॅक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

परभणीच्या एका मंडप-साउंडवाल्यांची विचारणा आहे. अँप्लिफायरच्या कागदावर 'डॅम्पिंग फॅक्टर ४००' असं छापलंय आणि मोबाइलनं त्याचं मराठी 'ओलसरपणा घटक' करून दिलंय. खरा शब्द कोणता, आणि आकडा मोठा तेवढा बेस चांगला का?

ओलीचा इथं काही संबंध नाही. 'डॅम्प' हा इंग्रजीत जर्मन-डच बाजूनं आलेला शब्द. मूळ अर्थ वाफ, धूर. धुरानं विस्तव गुदमरतो, त्यावरून जोर कमी करणं. ओल त्याला नंतर चिकटली. आपल्या 'दमन'शी तो जुळतो खरा, पण नुसता कानाला.

नागपंचमीचा झोका बघा. ढकलणारा थांबला तरी तो हेलकावे खातच राहतो. पाय भुईला घासले की आवरतो. वूफरचंही, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचंही, तसंच. सिग्नल थांबला तरी कोन, म्हणजे त्याचा कागदी शंकू, हलत राहतो, चुंबकातली कॉइल हलली की उलट वीज तयार होते, आणि तिला कमी रोधाची, म्हणजे कमी अडथळ्याची, वाट मिळाली तर तीच वीज कोनाला धरून ठेवते. हाताशी सुटा वूफर असेल तर अँप्लिफायरपासून वायर पूर्ण काढा आणि कोनावर बोटानं हलकी टिचकी मारा: 'धुम्म' असं घुमेल. आता वूफरची दोन्ही टर्मिनलं तारेच्या तुकड्यानं जोडून पुन्हा मारा: नुसतं 'टप'. डॅम्पिंग म्हणतात ते हेच.

फॅक्टर म्हणजे स्पीकरचा रोध भागिले अँप्लिफायरचा आतला रोध. ८ ओहमला ४०० म्हणजे आत ०.०२ ओहम. पण त्या विजेच्या वाटेतली वायर कोण मोजणार? अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन ४० मीटरचा रोध साधारण ०.३ ओहम होतो. मग ८ भागिले ०.३२, म्हणजे उरले २५! अँप्लिफायर ४,००० वाला आणला तरी आकडा साडेसव्वीसच्या पुढं सरकत नाही. त्याच वायरवर दोन बॉक्स समांतर जोडले की रोध ४ ओहम, आकडा साडेबारा. शिवाय कॉइलचाच सहाएक ओहम रोध या वाटेत कायम बसलेला असतो, म्हणून वीस-पंचवीसच्या वर कानाला फरक जवळपास कळत नाही. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँप्लिफायरवर आकडा २ इतका खाली आला, तर मात्र वूफरच्या स्वतःच्या कंप्रतेपाशी, म्हणजे ज्या सुरावर तो आपसूक घुमतो तिथं, दोन-तीन डेसिबलचा फुगवटा येतो आणि बेस सैल वाजतो. पैसे जाड वायरीत घाला, छापील आकड्यात नको.

आता शब्द. शास्त्रीय मराठीत 'अवमंदन' आहे, चूक नाही. पण त्यातल्या 'मंद'मुळे आवाज कमी होतो असं वाटतं. 'दाब' म्हटलं तरी तोच घोटाळा. आवर घालणं हा आपल्या रोजच्या बोलण्यातला प्रयोग, आणि कोनाचं नेमकं तेच होतं. शिवाय हा भागाकार आहे, तेव्हा 'घटक' किंवा 'गुणांक'पेक्षा 'गुणोत्तर' बरं. लिहिताना 'आवर-गुणोत्तर' लिहावं, दुकानात मात्र 'डॅम्पिंग फॅक्टर'च मागावा.