ठरावाने आरक्षण उठत नाही

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत आमची वडिलोपार्जित २२ गुंठे जमीन आहे. २००३ मध्ये अंमलात आलेल्या विकास योजनेत तिच्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं. २०१४ मध्ये आम्ही नगराध्यक्षांना अर्ज दिला आणि सर्वसाधारण सभेत आरक्षण वगळण्याचा ठरावही झाला. आता सुधारित प्रारूप योजनेत तेच आरक्षण पुन्हा दिसतंय. हरकत मुदतीत दिली आहे आणि नियोजन समितीपुढे सुनावणीला हजर राहण्याचं पत्र आलं आहे. समितीपुढे काय बोलावं? दरम्यान प्लॉट पाडून विकले तर चालेल का? सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, ते २०१६ मध्ये वारले.

उत्तर : अशी पत्रं दर महिन्याला येतात. गाव बदलतं, आरक्षण बदलतं, कुठे मैदान, कुठे भाजी मंडई, कुठे रस्ता; पण ‘ठराव झाला होता’ हे वाक्य काही बदलत नाही. समितीपुढे काय बोलायचं ते सांगतो. त्याआधी तुम्ही जे विचारलंच नाहीत ते सांगणं भाग आहे, कारण तुमच्या २२ गुंठ्यांचा निकाल त्यावर लागणार आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६, कलम १२७. अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला किंवा हितसंबंध असलेल्या व्यक्तीला नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे तुमच्या बाबतीत नगरपरिषदेवर, नोटीस बजावता येते. नोटीस पोचल्यापासून ठरलेल्या मुदतीत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाल्याचं, म्हणजे आपोआप संपल्याचं मानलं जातं. तुमची दहा वर्षं २०१३ मध्येच भरली. म्हणजे २०१४ मध्ये अर्ज घेऊन नगरपरिषदेच्या पायऱ्या चढलात तेव्हा हा हक्क तुमच्या हातात होता. त्या दिवशी विनंती अर्जाऐवजी नोटीस दिली असतीत तर बारा महिन्यांत काय ते कळलं असतं. मूळ कायद्यात ही मुदत सहा महिन्यांची होती, मग बारा झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून ती चोवीस महिने आहे. सरकारला वेळ पुरत नाही म्हणून मुदत वाढते. मालकाची दहा वर्षं मात्र दहाच राहतात.

‘अर्ज म्हणजेच नोटीस नाही का?’ असं तुम्ही विचाराल. अर्जाची प्रत पाठवली नाहीत, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. पण ‘आरक्षण उठवून सहकार्य करावे, ही नम्र विनंती’ अशा मजकुराचा कागद असेल आणि त्याला मालकीची कागदपत्रं जोडलेली नसतील, तर त्यावर मदार ठेवू नका. नोटिशीसोबत हक्क दाखवणारे कागद जोडायचे, असं कलमातच लिहिलेलं आहे.

राहिला ठराव. आरक्षण वगळणं म्हणजे मंजूर विकास योजनेत फेरबदल करणं, आणि त्याचा रस्ता कलम ३७ मधून जातो : जाहीर सूचना, हरकती, सुनावणी, मग शासनाकडे प्रस्ताव आणि शासनाची मंजुरी. सभेत हात वर झाले, टाळ्या वाजल्या, याने नकाशावरचा रंग बदलत नाही. तुमचा ठराव पुढे मुंबईला शासनाकडे गेला का, हे दहा-अकरा वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही, याचं मला खरं तर आश्चर्य वाटायला हवं; आता वाटत नाही.

नुसत्या ठरावाने काही होत नाही, हा नियम नगरपरिषदेलाही लागू आहे, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जमीन संपादन करण्याचा नुसता ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र ही कलम १२७ मधली ‘पावलं’ नव्हेत. त्याआधी २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालातही हीच भूमिका होती. तेव्हा उद्या नोटिशीला उत्तर म्हणून ‘संपादनाचा ठराव मंजूर केला आहे’ असं पत्र आलं तर घाबरून जाऊ नका.

आता घाई कशाची, ते. नियोजन समितीपुढे चाललेली योजना सुधारित आहे. ती शासनाने मंजूर करून अंमलात आली आणि तोवर तुम्ही नोटीस दिलेली नसली, तर दहा वर्षांची मोजणी नव्या योजनेच्या तारखेपासून पुन्हा सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने कलम ३८ आणि १२७ एकत्र वाचून तसाच अर्थ लावलेला आहे. म्हणजे साठलेली सगळी वर्षं पाण्यात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. नोटीस दिली, चोवीस महिने चालू आहेत आणि मध्येच नवी योजना मंजूर झाली तर काय, यावर दोन्ही बाजूंनी भांडायला जागा आहे. पण नोटीसच नसेल तर भांडायलाही काही उरत नाही. योजना मंजूर व्हायला वर्ष लागेल की तीन, कुणी सांगू नये. सरकारी दिरंगाई एरवी आपल्या मुळावर येते, या वेळी ती तुमच्या बाजूने आहे. तिचा फायदा याच महिन्यात घ्या.

नोटीस देणार कोण? इथे तुमचा सातबारा आडवा येतो. वडील २०१६ मध्ये गेले आणि वारस नोंद अजून नाही! कायदा ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ म्हणतो, त्यामुळे वारस म्हणून तुम्हाला नोटीस देता येईल असं माझं मत आहे. पण नगरपरिषदेचा वकील पहिला आक्षेप इथेच घेईल. म्हणून आज तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज टाका. फेरफार नोंदीवर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, त्यामुळे फार लांबण्याचं कारण नाही. बहिणींची नावं गाळू नका, पुढे त्याच दाव्यात अडकाल. नोटिशीवर आईसकट सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, जुने फेरफार, मोजणीचा नकाशा आणि नगरपरिषदेचा भाग नकाशा जोडा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एक प्रत आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवून ती पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. शिक्का देताना कारकून ‘साहेब आल्यावर देतो’ म्हणाला तर तिथेच बसून राहा. चोवीस महिने त्या शिक्क्यापासून मोजायचे आहेत.

आता समिती. कलम २८ प्रमाणे तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालक नेमतात ते जास्तीत जास्त चार जाणकार. ही समिती हरकतदारांना ऐकून अहवाल देते. आरक्षण उठवण्याचा अधिकार तिला नाही. तिच्यापुढे रडून उपयोग नसतो आणि भांडून तर नसतोच. काही वर्षांपूर्वी अशाच एका सुनावणीला अशिलाबरोबर गेलो होतो. सभागृहाबाहेर बाकांवर शंभरेक माणसं, आत टेबलभर पसरलेला नकाशा, उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवलेले पाण्याचे पेले. आमच्या अशिलाने आजोबांनी विहीर कशी खणली ते सांगायला सुरुवात केली. समितीतल्या एका निवृत्त नगररचनाकाराने पेन्सिल नकाशावर टेकवली आणि विचारलं, “मैदान इथे नको, मग कुठे?” अशिलाला आपला गट नंबरही पाठ नव्हता. चौथ्या मिनिटाला पुढचं नाव पुकारलं गेलं.

तेव्हा गट क्रमांक, आरक्षण क्रमांक आणि क्षेत्र एका कागदावर लिहून न्या. जवळपास नगरपरिषदेची किंवा सरकारी मोकळी जागा असेल तर तिचा नंबर शोधून ठेवा, पेन्सिलवाल्या प्रश्नाला तेच उत्तर आहे. बावीस वर्षांत ना मोबदला दिला ना जमीन घेतली, हे एका वाक्यात सांगा. पूर्ण आरक्षण हटत नसेल तर समावेशक आरक्षणाचा, म्हणजे काही भाग मैदानाला देऊन उरलेला स्वतः विकसित करण्याचा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. पण तो तोंडी कबूल करू नका. समितीपुढच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. ‘आरक्षण मान्य आहे, मोबदला मिळावा’ अशी ओळ दिसली तर सही करू नका.

प्लॉट पाडून विकायचं मात्र डोक्यातून काढा. कलम ४६ मुळे परवानगी देताना प्रारूप योजनाही विचारात घ्यावी लागते, त्यामुळे रेखांकन, म्हणजे प्लॉटचा नकाशा, मंजूर होणार नाही. नोटरीवर गुंठा-गुंठा विकलात तर उद्या आरक्षण गेलं तरी जमीन तुमची उरणार नाही आणि घेणाऱ्यांचे दावे मात्र उरतील.

चोवीस महिन्यांनंतरही काही हाललं नाही तर आरक्षण व्यपगत झाल्याची राजपत्रात अधिसूचना काढण्याची मागणी शासनाकडे करावी लागेल, आणि ती दडपली गेली तर उच्च न्यायालयात रिट याचिका. निदान मुंबईच्या चकरा वाचतील : १८ ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्याची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. तिथे पहिला प्रश्न नोटिशीच्या तारखेचा विचारतील. सुनावणीच्या पत्रावरची तारीख तुम्ही मला कळवलेली नाही; ती काहीही असो, शिक्का त्याआधीचा हवा.