होडीवरचं एफेम आणि गाण्यांचं एफेम

हर्णैहून एका वाचकाने विचारलंय : "होडीवरच्या वायरलेस सेटच्या माहितीपत्रकात 'मॉड्युलेशन : एफेम' असं छापलंय, पण त्यावर गाणी काही लागत नाहीत. हे एफेम वेगळं असतं का? आणि एका पुस्तकात याला 'कंप्रता विरूपण' म्हटलंय, ते काय?"

एफेम दोन्हीकडे एकच. 'एफेम लाव' म्हणजे गाणी लाव, हा अर्थ आपण बोलता बोलता केलाय. मुळात ते आवाज रेडिओलहरीवर चढवण्याच्या एका पद्धतीचं नाव : फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजेच तुमचं 'कंप्रता विरूपण'. गाण्यांची स्टेशनं 87.5 ते 108 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. होडीवरचा सेट 156 च्या आसपास चालतो. 16 नंबरचं चॅनल, म्हणजे हाक मारायचं आणि संकटात मदत मागायचं चॅनल, 156.8 मेगाहर्ट्झवर असतं. त्या सेटला गाण्यांचा पट्टा ऐकूच येत नाही, एवढंच.

'विरूपण' हा मॉड्युलेशनचा जुना पारिभाषिक शब्द. वाचल्यावर काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, म्हणून मी सरळ मॉड्युलेशन म्हणतो. 'कंप्रता' मात्र झकास आहे : सेकंदाला किती कंप, ते. शाळेच्या पुस्तकांत हिलाच वारंवारता म्हणतात.

पण खरा घोळ पुढेच आहे. एफेममध्ये वारंवारता बदलते म्हणतात, मग स्टेशन एकाच आकड्यावर कसं सापडतं? कारण इथे वारंवारता दोन आहेत, एक वाहक लहरीची (आवाज जिच्यावर चढवतात त्या रेडिओलहरीची) आणि एक आवाजाची. समजा स्टेशन 100 मेगाहर्ट्झवर आहे आणि निवेदकाने 1000 हर्ट्झची शीळ घातली. वाहक लहर 100 च्या थोडी वर जाते, थोडी खाली येते, आणि असं सेकंदाला 1000 वेळा करते. शीळ जोरात असेल तर ती जास्त लांब सरकते, हळू असेल तर कमी. म्हणजे किती सरकायचं ते आवाजाच्या जोरावर आणि किती वेळा सरकायचं ते त्याच्या पट्टीवर. भजनात बुवा एखादा स्वर आंदोलित करतात तसंच : स्वर जागेवर असतो, गळ्याचा जोरही तोच, पण स्वर किती हलवायचा आणि किती भरभर हलवायचा या दोन गोष्टी त्यांच्या हातात वेगवेगळ्या असतात.

या सरकण्याला विचलन म्हणतात. गाण्यांच्या स्टेशनला दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झपर्यंत मुभा असते, म्हणजे वरच्या उदाहरणात 99.925 ते 100.075. होडीच्या सेटला फक्त 5 किलोहर्ट्झ. बोलणं कळलं की तिथे काम झालं. तबल्याची चाट आणि बासरीची फुंक ऐकायची तर जागा जास्त लागते.

वळवाच्या पावसात वीज कडाडली की एएम रेडिओ खरखरतो. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि वीज नेमकी ती उंचीच बिघडवते. एफेमचा सेट उंचीचे चढउतार छाटून टाकतो आणि फक्त सरकणं मोजतो, म्हणून खरखर बरीच गळते. अगदी सगळी नाही. सिग्नल फार क्षीण झाला की एफेमही एकदम फसफसायला लागतं.

याच पद्धतीचा एक गुण (दर्यावर तो अवगुणच) फारसा कुणी सांगत नाही. एकाच चॅनलवर दोन होड्या एकदम बोलल्या तर एफेमचा सेट बहुधा जोरदार सिग्नल धरतो आणि दुसरा जवळजवळ पुसून टाकतो. दोन्ही सारख्या जोराच्या असतील तरच गडबडगुंडा ऐकू येतो. त्यामुळे लांबच्या होडीचा तांडेल जीव तोडून बोलत असला, तरी जवळच्या होडीच्या गप्पांखाली तो आहे हेसुद्धा कळत नाही. एएमवर दोघं एकदम बोलले की शिट्टीसारखा आवाज होतो आणि आणखी कुणीतरी बोलतंय एवढं तरी समजतं. विमानांचं बोलणं आजही एएमवर चालतं, त्याचं हे एक मोठं कारण. तेव्हा 16 वर बोलायचं ते थोडक्यात, बोलून झालं की बटण सोडायचं, आणि लांबच्या होडीकडून उत्तर आलं नाही तर पुन्हा हाक मारायची.