मंदी आली की कार डिटेलिंगचा धंदा बसतो का? कणकवलीत दुकान टाकावं का?

तुम्ही विचारलंय की मुंबईत नोकरी आहे, कणकवलीजवळ हायवेला लागून वडिलांची जागा आहे, तिथे डिटेलिंगचं, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून चमकवून द्यायचं, दुकान टाकायचा विचार आहे. पण महागाई, व्याजदर, मंदी, काहीही झालं की लोक आधी हाच खर्च कापतात, मग यात पडावं का? मी रत्नागिरीत हातखंब्याच्या रस्त्याला २०१७ पासून हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हात आखडले तरी लोक गाडी धुवायचं सोडत नाहीत. माझा फोम वॉश ४०० रुपयांना आहे आणि २०२० चा लॉकडाऊन सोडला तर तो कधीच थांबला नाही. अडकतं ते सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसवायचा संरक्षक थर, १५ हजारांच्या पुढचं काम. त्याला कोणी नाही म्हणत नाही. आधी ‘दिवाळीनंतर बघू’ होतं, दिवाळीनंतर ‘शिमग्याला बघू’ होतं. त्याच दिवसांत इंटिरियर क्लिनिंग आणि पॉलिशची कामं मात्र वाढतात, कारण ज्याचा नव्या गाडीचा बेत पुढे गेला तो आहे तीच गाडी नीट करून घेतो. त्यामुळे नुसत्या कोटिंगवर दुकान उभं करायचं असेल तर तुमची भीती खरी आहे. धुलाई, इंटिरियर आणि पॉलिश हा पाया ठेवलात तर तेवढी नाही.

आता मंदी कोणाची, हे बघा. आपल्याकडे गिऱ्हाइकाचा खिसा देशाच्या आकड्यांवर चालत नाही. गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी येतात, तो मुंबईचा पगार. एप्रिल-मे आंब्याचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोटवाल्यांची कामं थांबलेली असतात, ती नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू सुरू होतात. तुमच्या बाजूला मालवण-तारकर्लीचं पर्यटन आहे, म्हणजे टुरिस्ट गाड्या आणि होम-स्टेवाले. यातला एक खिसा आटला की दुसरा थोडं सावरून धरतो. दोन एकदम आटले की त्रास होतो. २०२५ ला तसंच झालं. पाऊस मे महिन्यातच आला, आंब्याचा शेवटचा तोडा गेला आणि पर्यटकही पाठ फिरवून गेले.

त्याच आठवड्यात पावस गावचे एक बागायतदार काका आले. जानेवारीत कोटिंगचा भाव विचारून गेले होते, सीझन झाला की करू म्हणाले होते. पांढरी गाडी, बॉनेटवर आंब्याच्या चिकाचे काळपट ओघळ. एक ओघळ नखाने खरवडत म्हणाले, “कोटिंग राहू दे रे यंदा. आंबा झाडावरच कुजला. डाग तेवढे काढून दे.” मी हात फिरवला तर डागाची कड बोटाला लागत होती, म्हणजे चिकाने क्लिअर कोट, रंगावरचा पारदर्शक थर, खाल्ला होता. रंगाची जाडी मोजायचं पेंट गेज लावलं, ९० मायक्रॉन. कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, त्यात क्लिअर कोट जेमतेम ४०-५०. कोणीतरी आधीच एक-दोनदा कंपाउंड (घासायची पेस्ट) मारून जोरात घासलं होतं. “काका, पूर्ण काढायला गेलो तर खालचा रंग उघडा पडेल. हलके करतो आणि वर वॅक्स मारतो, चालेल?” ते थोडा वेळ बॉनेटकडे बघत राहिले, मग म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर.” १८०० रुपयांचं काम झालं.

हे एवढं लांबवून सांगायचं कारण, पैसे कमी असले की गिऱ्हाईक असंच कंपाउंडने घासायचं स्वस्त रबिंग मागतो आणि रस्त्यावरचा कोणीही ८०० रुपयांत ते मारून देतो. गाडी तीन महिने चकचकते. पण दर वेळी क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत, आणि आपल्या खाऱ्या हवेत उघड्या पडलेल्या पत्र्याला गंज धरायला एक पावसाळा पुरतो. धंदा मंद असताना आलेलं काम परत पाठवणं जड जातं. तरी ते करावं लागतं. गेज न घेता दुकान उघडू नका, बफिंग मशीन थोडं हलकं घेतलंत तरी चालेल.

माझा फटका मंदीत बसला नाही, तेजीत बसला. २०२१-२२ मध्ये गाड्यांना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप मिळेनात, नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने वेटिंग लागलं आणि जुन्या गाड्यांचे भाव चढले. जुन्या गाड्यांचे डीलर विकायच्या आधी गाडी चमकवून घ्यायचे. माझ्याकडे आठवड्याला सहा-सात गाड्या येत. हे असंच चालणार असं धरून मी २०२२ च्या सुरुवातीला ८ लाखांचं कर्ज काढलं. गाडी घ्यायला दुसरा बे बांधला, पीपीएफचे, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मचे, रोल भरले. कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं होतं. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला घेतला. ४ टक्क्यांचा फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ झाला. माझा हप्ता १६,८०० चा जवळपास १७,८०० वर गेला. हजार रुपये निघाले असते. पण २०२३ मध्ये नव्या गाड्या पुन्हा मिळू लागल्या, डीलरांची कामं महिन्याला दोन-तीनवर आली, आणि नवी गाडी घेणाऱ्याला शोरूमच डिलिव्हरीच्या वेळी कोटिंग विकून मोकळं होतं. एक पीपीएफचा रोल दीड वर्ष पडून होता. रत्नागिरीत ६०-७० हजार देऊन फिल्म लावणारे किती, हे मी रोल घ्यायच्या आधी मोजायला हवं होतं. त्या दोन वर्षांत घरात काय ओढाताण झाली ते इथे लिहीत नाही, पण तुम्ही या चुकीत पडू नये असं मनापासून वाटतं. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त काम यायला लागलं की त्या कामाच्या जोरावर कर्ज काढू नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. आपल्या वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांना बहुतेक गाड्या त्याच मापाच्या, त्यामुळे दसरा-दिवाळीला नव्या गाड्या बऱ्याच उतरल्या. वाचलेल्या पैशात कोटिंग करून घेणारे काही जण माझ्याकडे आले. उलट, नवी स्वस्त झाल्यावर जुनीला भाव येत नाही, त्यामुळे विकायच्या आधी गाडीवर खर्च करणारे कमी झाले. आपल्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्केच आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, पण केमिकलवर भरलेला कर मग आपल्याच अंगावर पडतो. भाव ठरवताना तो धरा.

डॉलरचाही संबंध येतो. चांगलं कोटिंग, पॅड, फिल्म, बराचसा माल बाहेरून येतो. २०२१ मध्ये डॉलर ७४-७५ रुपयांना होता, डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या पुढे गेला. भाव वाढायच्या आधी माल भरून ठेवावा असं कोणालाही वाटेल. मायक्रोफायबर, शाम्पू भरा. कोटिंगच्या बाटल्या नको. आपल्या दमट हवेत उघडलेली बाटली लवकर घट्ट होते आणि पावसाळ्यात कोटिंग नीट बसवायलाही बंद, कोरडी खोली लागते. माझ्याकडे ती नव्हती तोपर्यंत जून ते सप्टेंबर मी कोटिंग घेतच नव्हतो. त्या चार महिन्यांचं पोट भरतं ते बुरशी धरलेल्या सीटवर, ओल्या कार्पेटवर आणि एसीच्या वासावर. मेच्या मध्यापर्यंत अंडरबॉडीचं अँटिरस्ट, म्हणजे गाडीच्या पोटाला गंज धरू नये म्हणून लावायचा थर. हे काम कुठल्याच वर्षी कमी झालेलं नाही.

कामाला पोरं मिळणं हेही मुंबईवर आहे. २०२० मध्ये मुंबईहून परतलेले कितीतरी जण काम मागायला आले, काहींनी स्वतःची वॉशिंग सेंटर टाकली, आमच्याच रस्त्याला चार झाली. मुंबई सुरू झाली तशी पोरंही गेली आणि त्यातली तीन सेंटरंही. आज शिकवलेला मुलगा टिकवायचा तर गोव्यातल्या पगाराशी तुलना होते. तुमच्याकडून गोवा अजून जवळ.

राहिली जागा. हायवेला आहे म्हणून गिऱ्हाईक येईल असं धरू नका. कणकवलीत उड्डाणपूल झाल्यापासून लांबची गाडी वरच्यावर निघून जाते. आणि ती थांबली तरी गोव्याला निघालेला माणूस फार तर काच पुसून घेईल, दीड दिवस गाडी सोडणार नाही. डिटेलिंगचा माणूस गावातलाच असतो: डॉक्टर, शिक्षक, बागायतदार, कंत्राटदार. त्याला रिक्षाने परत घरी जाता येईल एवढं जवळ दुकान हवं. तुमची जागा गावापासून किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.

नोकरी लगेच सोडू नका. जागा आपलीच आहे, म्हणजे भाडं नाही, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. एक प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, एक पॉलिशर आणि गेज यावर गणपतीच्या आधीचे तीन आठवडे भावाला किंवा मित्राला घेऊन चालवून बघा. शेडही पत्र्याची चालेल. आणि वडिलांना विचारून घ्या की तिथल्या विहिरीचं पाणी मेमध्ये कुठवर जातं. मला एप्रिलच्या मध्यापासून टँकर घ्यावा लागतो, नेमका सगळ्यात जास्त गाड्या असतात तेव्हा.