गोंदण, टॅटू आणि पंधरा दिवसांची हौस

लग्नसराई, जत्रा आणि पेठापेठांचा फुटबॉल यांच्या गर्दीत आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रे या वेळी टॅटूवर आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : जत्रेतल्या एका स्टॉलवर माझ्या बारा वर्षांच्या मुलीने दंडावर काळ्या मेंदीचे फुलपाखरू काढून घेतले. आठ दिवसांनी खाज सुटली आणि नेमके फुलपाखराच्या आकाराचेच फोड आले. विकणारा तर शंभर टक्के नैसर्गिक म्हणाला होता. (कसबा बावडा)

नैसर्गिक काळी मेंदी अशी वस्तूच नाही. मेंदीच्या पानातला रंग लॉसोन. तो आधी नारिंगी चढतो आणि दोन दिवसांत तपकिरी होतो, काळा कधीच होत नाही. तासाभरात कुळकुळीत काळी चढणारी ‘मेंदी’ म्हणजे बहुतेक वेळा केस काळे करायची पूड. तिच्यात पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाइन असते. केसांच्या रंगातही युरोपात डोक्यावर लावताना याचे प्रमाण 2 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत आणि ते थेट त्वचेवर लावायला तिथे परवानगी नाही. स्टॉलवर मोजतो कोण? चमचा वाकडा झाला की प्रमाण बदलले.

आठ दिवस लागले म्हणून गोंधळू नका. पहिल्यांदा अंगाला लागलेला पीपीडी शरीर ओळखून ठेवते, त्याला आठवडा-दोन आठवडे जातात आणि मग जिथे रंग आहे तिथेच आग उठते. पुढच्या वेळी इतका वेळ लागणार नाही, एक-दोन दिवसांत त्रास दिसेल. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. मुलीने पुढे कधी केसांना डाय लावला तर टाळू आणि डोळे सुजू शकतात. म्हणून हे आत्ताच तिच्या वहीत नव्हे, तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्या.

सध्या जागा साध्या पाण्याने धुवा, फोड फोडू नका. हळद, टूथपेस्ट, लिंबू यातले काही चोळू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ते लावायचे मलम देतील. डाग काही महिने राहू शकतो.

प्रश्न : आमच्या संघाच्या अंतिम सामन्याला शाहू स्टेडियमवर दोनशे पोरांच्या दंडावर मंडळाचे बोधचिन्ह पाहिजे. घरच्या प्रिंटरवर निघेल का? (मंगळवार पेठ)

निघेल. टॅटू पेपर दोन कागदांच्या जोडीत मिळतो : एक छापायचा चकचकीत, दुसरा चिकटीचा. 5 सेंमी बाय 5 सेंमीचे चिन्ह, मधे अर्धा सेंमी जागा, असे धरले तर ए-फोर कागदावर तीन उभ्या रांगांत पाच-पाच, म्हणजे 15 बसतात. दोनशेला 14 कागद लागतात, पण पहिला कागद बिघडतोच. 16 घ्या.

चिन्ह आरशात दिसते तसे उलटे करून छापा. हे विसरले की मंडळाचे नाव दंडावर उलटे उमटते आणि ते कळते दोनशे कापून झाल्यावर. छापलेले पंधरा मिनिटे वाळू द्या. चिकटीचा कागद एका कडेपासून पट्टीने दाबत बसवा. बुडबुडा राहिला तर तिथे भोक पडते. मग कापा, वरचा पारदर्शक पापुद्रा काढा, चिकट बाजू दंडावर ठेवा, ओल्या फडक्याने तीस सेकंद दाबून धरा आणि कागद सरकवत काढा. ओढून नव्हे.

प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. चिन्हात जिथे पांढरे आहे तिथे कातडीचा रंग दिसणार, आणि आपल्या सावळ्या कातडीवर पिवळा आणि फिका निळा हरवतात. काळी जाड कड, आत गडद लाल किंवा गडद निळा ठेवा. अक्षरे 8 मिमीपेक्षा बारीक केली तर वेलांट्या आणि अनुस्वार आधी जातात.

उन्हात घाम येण्याआधी, सकाळीच लावा. त्याआधी दंड साबणाने धुवा, केस दाट असतील तर काढा. तेल लावलेल्या अंगावर काहीच टिकत नाही, त्यामुळे तालमीतून थेट आलेल्या पैलवानांनी आधी आंघोळ करावी. वरून चिमूटभर टाल्कम पावडर मारली की चकाकी आणि चिकटपणा जातो. कोपराच्या आतली घडी टाळा, तिथे संध्याकाळपर्यंत भेगा पडतात. शाई चिकट थर आणि अंगावर उरणारा पातळ थर यांच्या मधे राहते, तरी ती त्वचेसाठी केलेली नसते. लहान मुलांना आणि चेहऱ्याला तयार मिळणारेच लावा. काढताना खोबरेल तेल चोळून दहा मिनिटे थांबा, मग साबण.

प्रश्न : आजीच्या हातावर तुळस आणि ठिपके गोंदलेले आहेत. भावाच्या लग्नात तेच माझ्या हातावर हवे आहेत, पण कायमचे नकोत. घरात म्हणतात, पुसले जाणारे गोंदण म्हणजे थट्टा. (राजारामपुरी)

घरच्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. सोने-नाणे इथेच राहते, गोंदण तेवढे मेल्यावर बरोबर येते, ही समजूत गोंदणाच्या मुळाशी होती. न पुसणे हाच त्याचा अर्थ. शिवाय नक्षी कोणती आणि कुठे, हे बहुतेक वेळा आई, सासू, गोंदणारीण ठरवायची. जिच्या हातावर सुया टोचायच्या तिला कुणी विचारत नसे. तुम्ही स्वतः निवडता आहात, तेही दोन आठवड्यांसाठी. ते गोंदण नव्हे, आजीच्या गोंदणाची नक्कल आहे, आणि तसेच म्हटले तर थट्टा होत नाही, असे आम्हाला वाटते. आधी आजीला विचारा. ठिपके किती, कोणत्या क्रमाने, तुळशीला वृंदावन आहे का, ते तिच्याकडून ऐकून घ्या.

आता हात. आजीचा हात उजेडात धरला तर रेघा काळ्या दिसत नाहीत, हिरवट-निळ्या दिसतात. काजळी काळीच असते, पण ती त्वचेच्या आतल्या थरात बसलेली असते आणि वरच्या थरातून आपल्यापर्यंत निळसर होऊन येते. कडाही सुटलेल्या असतात : रंगाचे कण पेशी उचलून इकडे-तिकडे नेतात, त्यामुळे कधीकाळी टाचणीच्या डोक्याएवढा असलेला ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. हुबेहूब हवे असेल तर बारीक टोकाची रेघ काढू नका.

या कामाला मेंदीपेक्षा जागुआ बरा. दक्षिण अमेरिकेतल्या जेनिपा फळाच्या रसाचे हे जेल निळे-काळे चढते, म्हणजे जुन्या गोंदणाच्या रंगाजवळ. मेंदी तळहातावर खुलते कारण तिथली कातडी जाड. मनगटाच्या वर ती फिकी नारिंगीच राहते.

नक्षी बटर पेपरवर उतरवून घ्या. लग्नाच्या चार दिवस आधी कानामागे जेलचा एक ठिपका लावून 48 तास बघा. फळांपासून केलेले म्हणून ॲलर्जी होत नाही असे नाही. काही झाले नाही तर दोन दिवस आधी हात साबणाने धुऊन, कोरडा करून कोनने काढा, दोन तास ठेवा आणि धुवा. धुतल्यावर जेमतेम राखाडी दिसेल, फुकट गेले म्हणून दुसरा हात मारू नका. रंग 24 ते 48 तासांत भरतो. दहा ते चौदा दिवसांत कातडीचा वरचा थर झडत जातो तसा तोही तुकड्या-तुकड्याने जातो. हळदीला खसखसून घासले तर आधी जाईल.

प्रश्न : सैन्यभरतीची तयारी करतोय. खांद्यावर भवानी तलवार काढली तर चालेल? (कागल)

कायमची नको. सैन्याच्या नियमात कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. परंपरेने गोंदवणाऱ्या आदिवासी समाजांना सवलत आहे. तात्पुरती तलवारही वैद्यकीय तपासणीच्या आधी पूर्ण उतरलेली हवी. डॉक्टरांसमोर ‘हे पुसते’ म्हणत बसायची वेळ आणू नका.

प्रश्न : ‘तीन वर्षांत आपोआप जाणारा’ टॅटू सुईने काढून देतात म्हणे. खरे का? (इचलकरंजी)

सुईने आतल्या थरात गेलेला रंग तारीख बघून जात नाही. फिका होईल, पसरेल, ठिगळासारखा उरेल, मग लेझर. लेझरच्या खेपांमध्ये सहसा सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात, काळा रंग लवकर उतरतो, हिरवा आणि पिवळा दाद देत नाहीत. आणि सुई लागली की पुढचे 12 महिने रक्तदान बंद. कागदी टॅटू, मेंदी, जागुआ यांना सुई नसते, त्यामुळे हा नियम त्यांना लागत नाही.