आधी तिकीट काढ

चि. …
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्याला जाऊन कंटेम्पररी नाचाचा प्रयोग पाहिलास, मधेच डोळे भरून आले, आणि बाहेर आल्यावर मैत्रिणींनी "गोष्ट काय होती?" म्हणून विचारलं तर तुला काहीच सांगता येईना. म्हणून आता लिहितेस, "हे आपल्यासाठी नाही, आपलं भरतनाट्यम बरं. आणि पाहायचंच तर मोबाइलवर सगळं मिळतं."

पहिलं वाक्य मी समजू शकतो. दुसऱ्याचा मात्र राग आला.

भरतनाट्यम सोड असं तुला कोण म्हणालं? नवा नाच रचणाऱ्या चंद्रलेखा भरतनाट्यममधूनच आल्या. १९८५ च्या 'अंगिका'मध्ये त्यांनी त्याच्या शेजारी कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग आणून उभे केले. अरमंडीच्या अर्धबैठकीत बसलेल्या तुझ्या मांड्यांना जे ठाऊक आहे, ते तिथेही कामाला येतं. फक्त हस्त, म्हणजे हातांच्या मुद्रा, वाचायची सवय जरा बाजूला ठेव. अंगाचं वजन कुठे पडतंय, श्वास कुठे अडतोय, एवढंच पाहत राहा. गोष्ट विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

आणि हे मोबाइलवर दिसत नाही! कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की पाय गेले. दोघं नाचत असतील तर त्यांच्यामधली मोकळी जागासुद्धा नाचत असते, ती त्या चौकटीत मावत नाही. नाचणारी धाडकन खाली येते तेव्हा फळ्यांचा आवाज आपल्या खुर्चीपर्यंत पोचतो, आणि ती उठताना तळव्याच्या घामाचा ठसा लाइटमध्ये क्षणभर चमकतो. त्यासाठी तिकीट काढून समोर जाऊन बसावं लागतं. अगदी पहिल्या रांगेत मात्र बसू नकोस. आपल्याकडची स्टेजं उंच असतात, नाच जमिनीवर उतरला की पुढच्यांना काही दिसत नाही. मधली रांग घे.

कंटेम्पररी नाचणाऱ्या अस्ताद देबू यांना मी प्रत्यक्ष पाहिलं नाही. मुंबईला जाऊ, पुढच्या वेळी जाऊ, असं चालू राहिलं आणि २०२० च्या डिसेंबरात ते गेले. मणिपूरच्या पुंग या ढोलाच्या वादकांबरोबरचं त्यांचं काम मी आता व्हिडिओवर पाहतो. जीव तळमळतो. तुझं तसं होऊ नये म्हणून एवढं लिहितोय, तर तू मोबाइलचं सांगतेस.

"सांगलीत हे कोण पाहणार?" असंही लिहिलंयस. अगं, इथेच १८४३ साली 'सीता स्वयंवर' नाटक झालं तेव्हा विष्णुदास भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे राजे चिंतामणराव होते. १८५१ साली ते गेले आणि आश्रय संपला. मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केला. राजा गेल्यावर नाटक तगलं ते पैसे मोजून बसणाऱ्यांवर. नाचालाही तेच लागतं. तिकीट काढणारा माणूस.

मी इथे एका मुलीचा एकल प्रयोग लावला होता, तुला कोणीतरी सांगितलं असेलच. काँक्रीटवर गुडघे फुटतात म्हणून लाकडी फळ्या अंथरल्या, वर विनाइलची चादर ताणून तिच्या सांध्यांना टेप मारली. समोरच्या उजेडात अंग सपाट दिसतं, म्हणून विंगेत गुडघ्याच्या उंचीवर लाइट लावले. आणि संध्याकाळी फोन सुरू झाले, "दोन पास ठेवा हो." नाट्यपंढरीतली माणसं! एकालाही पास दिला नाही. निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, काही जुने स्नेही दुरावले. हेकट म्हणाले, म्हणू देत. पास वाटून भरलेल्या थिएटरात लोक मधेच उठून चहाला जातात हे मी आयुष्यभर पाहत आलोय. त्या रात्री एकही जण उठला नाही. तिचं ठरलेलं मानधन, थोडी पदरची भर घालून, त्याच रात्री तिच्या हातात दिलं. उद्या पुन्हा लावला तरी असाच लावीन.

तेव्हा वहीत अर्थ लिहीत बसू नकोस. पुण्यातला तो प्रयोग पुन्हा लागला की पुन्हा जा, स्वतःच्या पैशाने. तुला शिकवणीचे मिळतात ना, त्यातून काढ. आणि मी इथे पुढचा प्रयोग लावीन तेव्हा आईची आणि तुझी अशी दोन तिकिटं खिडकीवर येऊन घे. प्रयोग संपल्यावर थांब, टेप सोडवायला आणि विनाइल गुंडाळायला माणसं कमी पडतात.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका