स्टेरॉइड घेतलेल्या बेसबॉलपटूंना हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या सन्मान-दालनात, स्थान मिळावं का?

माझं उत्तर सरसकट 'हो' किंवा 'नाही' असं नाही. चाचण्या सुरू होण्याआधीचे खेळाडू आणि नंतरचे, यांत मी फरक करतो.

मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, 1991 मध्ये स्टेरॉइडला मनाई केली खरी, पण ती कागदावरच राहिली. पकडले गेल्यास शिक्षा अशा चाचण्या 2004 पासून सुरू झाल्या. मधल्या काळात होम रनचा (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्यांचा) पाऊस पडत होता, मैदानं भरत होती, आणि मालकांपासून पत्रकारांपर्यंत सगळे टाळ्या वाजवत होते. त्या काळातले कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, बड सेलिग 2017 मध्ये सन्मानाने कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. 762 होम रन मारणारा, पण स्टेरॉइडचा आरोप असलेला बॅरी बॉन्ड्स मात्र 2022 मध्ये, पत्रकारांच्या मतदानातल्या दहाव्या आणि शेवटच्या संधीतही बाहेरच राहिला. लागतात 75 टक्के मतं, त्याला मिळाली 66. असाच आरोप असलेला पिचर (चेंडू टाकणारा) रॉजर क्लेमेन्स, त्याचंही तेच झालं. हा न्याय मला पटत नाही. दोघांनाही आत घ्यावं, आणि त्यांच्या फलकावर स्टेरॉइडचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करावा.

चाचण्या सुरू झाल्यावर पकडले गेलेले अॅलेक्स रॉड्रिगेझ आणि मॅनी रामिरेझ यांचं तसं नाही. नियम, चाचणी, शिक्षा, सगळं माहीत असूनही त्यांनी ते केलं आणि निलंबित झाले. त्यांना माझं मत नाही.

एक गोष्ट मात्र मला खरंच टोचते. हँक आरनने वर्णद्वेषी धमक्या सोसत 755 होम रन मारले होते, आणि तो विक्रम बॉन्ड्सने मोडला.